जोखमीचं वजन

पारडं हळूच खाली गेलं आणि अख्ख्या हॉलमधून "आऽऽ" असा आवाज उठला. खिडक्या बंद, पंखे बंद, माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या काचेच्या पेटीतल्या तराजूवर खिळलेले. डाव्या पारड्यात जाड कागदाची एक पट्टी होती. तिच्यावर समोर बसलेल्या बाईंनी स्वतःच्या हातानं 'बँकेतली मुदत ठेव' असं लिहिलं होतं. उजव्या पारड्यात तशीच एक कोरी पट्टी. कागद तोच, माप तेच, तरी मुदत ठेव जड भरली होती.

"पाहिलंत?" तराजूमागे उभे असलेले तोलगुरू (लोक त्यांना असंच म्हणत) मान हलवत म्हणाले. "जोखमीला वजन असतं, ताई. तुम्हाला ते दिसत नाही, बँकेच्या मॅनेजरला दिसत नाही. तराजूला दिसतं."

"पण माझे पैसे तर तीस वर्षं त्याच बँकेत आहेत!"

"म्हणजे तीस वर्षं तुम्ही हा भार वाहताय."

हे त्यांनी इतक्या कळवळ्यानं सांगितलं, की त्या बाई खरोखरच खांदा चोळायला लागल्या.

मग तोलगुरूंनी चांदीची डबी उघडली. लांब चिमट्यानं तिच्यातून एक पट्टी उचलली. तिच्यावर सुबक अक्षरांत छापलं होतं, 'अचल निधी'. हा निधी त्यांचा स्वतःचा. बँकेच्या दुप्पट परतावा आणि जोखीम शून्य, असं त्याचं वर्णन ते करत. पट्टी डाव्या पारड्यात पडली आणि पारडं वर गेलं. कोऱ्या पट्टीपेक्षाही हलकं! तोलगुरूंनी लगेच चिमट्यानं पट्टी उचलून डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डोळे मिटले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेले आमचे हेसुद्धा टाळ्या वाजवत होते.

आता इथे आमच्या ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. हे आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळात फार्मासिस्ट होते. हा हॉल त्यांच्या निवृत्त फार्मासिस्ट मंडळाचा. या मंडळींसारखी काटेकोर माणसं मी पाहिलेली नाहीत. आमच्या घरात चहात साखर घालतानाही चमचा सुरीनं सपाट केला जातो. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, पण माझ्या हातचं मीठ अंदाजानंच पडतं, आणि त्यावरून मी लग्न झाल्यापासून ऐकून घेते आहे. अशा माणसांना कोणी सहज टोपी घालेल, असं तुम्हाला वाटेल का? मलाही वाटलं नव्हतं.

पण तोलगुरू हुशार. त्यांनी भस्म लावलं नाही, मंत्र म्हटले नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी तराजू तपासा." झालं! मंडळाचे अध्यक्ष म्हणजे ह्यांचे जुने साहेब. ते घरून स्वतःची वजनं घेऊन आले. पेटी समतल आहे का पाहिली, काटा शून्यावर येतो का पाहिलं, पारडी पुसली, उलटसुलट वजनं टाकली. तराजू निर्दोष निघाला. त्यात गुरू पट्ट्यांना कधी हात लावत नाहीत, चिमट्यानंच उचलतात. फार्मासिस्टाच्या दृष्टीनं चिमटा धरणारा माणूस म्हणजे सज्जनच.

"हाताचा घाम लागू नये म्हणून चिमटा," हे मला घरी येताना कौतुकानं म्हणाले. "इतकी शिस्त आमच्या नव्या पोरांतही नव्हती."

तोलगुरूंची बडबडही ऐकण्यासारखी होती. "परतावा उडायला बघतो. जोखीम त्याच्या पायाला दगड बांधते. मी काय करतो? फक्त गाठ सोडतो." कुणी विचारलं, की पैसे नेमके कशात गुंतवता, तर म्हणायचे, "अचलात." अचल म्हणजे काय, असं विचारलं तर, "जे चळत नाही ते." मग विचारणाराच ओशाळून खाली बसायचा.

मला या सगळ्याची मजा वाटत होती. ती वन्संमुळे संपली.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. एकटीच राहते. तिनं उभं आयुष्य शिवणयंत्रावर काढलं, एका लहानशा दुकानात. गुडघ्यांनी पायडल मारायचं नाकारलं तेव्हा दुकान विकलं. त्याचे जे पैसे आले तेवढेच तिच्याजवळ. तिला ना पेन्शन, ना मूलबाळ. ते सगळेच्या सगळे पैसे ती अचल निधीत टाकणार होती, आणि पुढच्या रविवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर चेक देणार होती.

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे. थोडे कुठे, थोडे कुठे, असं करायला मला कुठे कळतंय? दादानं स्वतः तराजू पाहिलाय."

"वन्सं, दुप्पट परतावा आणि जोखीम नाही, असं जगात कुणी कशाला देईल? त्याला काय तुमचा पुळका आलाय?"

ती एकदम ताठ झाली. "वहिनी, तुम्हाला दोघांना पेन्शन आहे. तुम्हाला शंका काढत बसायला परवडतं. मला रात्री झोप हवी आहे."

तिचं म्हणणं खरं होतं. तिला हाव सुटली नव्हती, तिला भीती वाटत होती, आणि त्या माणसानं तिची भीतीच हेरली होती. मला त्याचा मनापासून राग आला. पण नुसत्या रागानं वन्सं ऐकणार नव्हती. म्हणून त्याच आठवड्यातल्या बैठकीला मी स्वतः पट्टी लिहायला पुढे गेले.

तोलगुरूंनी ताटलीतली एक कोरी पट्टी पुढे केली. कागद जाड आणि मऊ, टीपकागदासारखा. मी लिहिलं, 'पोस्टातली ठेव'.

"आता ही मुठीत घट्ट धरा," गुरू म्हणाले. "डोळे मिटा. हे पैसे बुडाले तर काय होईल, याचा विचार करा. घाई नाही. जोखीम मनातून कागदात उतरू द्या."

मी डोळे मिटून बसले. पैसे बुडाल्याचा विचार करायचा प्रयत्न केला, पण डोक्यात येत होतं ते एवढंच, की हा माणूस निदान एक पंखा तरी का लावू देत नाही. बऱ्याच वेळानं "उघडा" असं ऐकू आलं. मी मूठ उघडली, पट्टी दिली आणि सवयीनं हात रुमालाला पुसला.

पुसला, आणि तशीच थबकले.

मी त्या रुमालाकडे बघत होते, तेव्हा पारडं खाली जात होतं. हॉलमध्ये "आऽऽ" झालं. तोलगुरू म्हणाले, "पोस्टसुद्धा!" आणि त्यांनी चिमट्यानं डबीतली पट्टी काढली. मी पहिल्यांदाच ती जवळून पाहिली. माझी पट्टी शिळ्या पोळीसारखी लुळी पडली होती. त्यांची कडक होती, कडेला जराशी वळलेली. जागेवर जाऊन बसताना ताटलीतल्या दोन-चार कोऱ्या पट्ट्या मी पर्समध्ये सरकवल्या. ही चोरी होती, आणि मला तिचं अजिबात वाईट वाटलेलं नाही.

ह्यांना निवृत्तीच्या वेळी इस्पितळानं एक जुना तराजू भेट दिला होता, तसाच काचेच्या पेटीतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कपाटावरून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

"हे काय चाललंय?" हे दाढी अर्धवट टाकून आले. "अगं, त्याला धक्का लागेल!"

"तुम्हीच लावा ना नीट. मला काय तुमच्यासारखं जमणार?"

एवढ्यावर गडी खूश. पेटी समतल झाली, काटा शून्यावर आला. दोन्हीकडे एकेक कोरी पट्टी ठेवली. काटा मधोमध. मग मी एक पट्टी त्यांच्या हातात दिली. "मुठीत धरा. आणि बुडण्याबिडण्याचा विचार करू नका. तुमच्या आवडीच्या कशाचा तरी करा."

"कशाचा?"

"माझा करा."

"मग घाम फुटेल," असं म्हणून हे स्वतःच हसले आणि हसता हसता गप्प झाले. माणूस हुशार आहे हो. फक्त वेळ लागतो. पण मूठ त्यांनी सोडली नाही. सोडली तेव्हा पट्टी पारड्यात ठेवली आणि पारडं खाली गेलं. पट्टीवर काहीही लिहिलेलं नव्हतं.

"पण तराजू बरोबर आहे," हे पुटपुटले.

"तराजू बरोबरच आहे. त्यानं वजन सांगितलं. जोखीम तुम्ही सगळ्यांनी ऐकलीत."

"आम्ही चिमटाच बघत बसलो गं," हे म्हणाले. "घाम लागू नये म्हणून चिमटा. आणि ज्याच्या हातात घाम होता त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडचं! त्याचा हात आम्ही कधी हिशोबात धरतच नाही."

"बरं, मग त्यांची पट्टी हलकी का होते? कोऱ्या पट्टीपेक्षाही हलकी?"

याचं उत्तर मात्र त्यांनी दिलं. डोळे बारीक केले, उठले, औषधांच्या खणातून गोळ्यांची एक डबी आणली आणि तिच्यातली छोटी पांढरी पुडी टेबलावर टाकली. गोळ्यांना ओल येऊ नये म्हणून घालतात ती. आतले खडे हवेतला ओलावा शोषून घेतात. ह्यांनी उभ्या जन्मात अशा हजारो पुड्या कचऱ्यात टाकल्या असतील. आम्ही घरातल्या सगळ्या डब्यांतल्या पुड्या गोळा केल्या, एका घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत घातल्या आणि वर एक पट्टी ठेवून दिली. साध्या दिसणाऱ्या कागदातही हवेतला ओलावा मुरलेला असतो. तो या पुड्यांनी पिऊन टाकला, की कागद तेवढाच हलका होतो. संध्याकाळी पट्टी काढून पारड्यात ठेवली. पारडं वर गेलं.

आनंदानं मी टाळी वाजवली. पण हे काट्याकडेच बघत होते. "थांब," ते म्हणाले. "हे बघ."

वर गेलेलं पारडं हळूहळू खाली येत होतं. पट्टी उघड्या हवेतून ओलावा परत घेत होती. आमचा चहा होईपर्यंत काटा पुन्हा मध्यावर आला होता.

"म्हणून तो लगेच उचलून डबीत ठेवतो," हे सावकाश म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. फसवलं गेल्याचं दुःख असतंच, पण ह्यांचं दुःख जास्त होतं, कारण बहिणीनं ह्यांच्या भरवशावर चेक लिहिला होता.

आम्ही तेव्हाच वन्संकडे गेलो असतो तर? गेलोच होतो. तिनं दारातच सांगितलं, "मला पुन्हा तेच ऐकायचं नाही. रविवारी काय ते सगळ्यांसमोर बोला."

रविवारी हॉल गच्च भरला होता. वन्सं पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तोलगुरूंनी एकदोघांच्या ठेवी तोलून जड ठरवल्या, मग चिमट्यानं अचल निधीची पट्टी काढून पारड्यात ठेवली. पारडं वर गेलं. त्यांनी उचलायला चिमटा पुढे केला, तोच आमचे हे उठले आणि तराजूच्या पेटीची काच त्यांनी अलगद खाली ओढली.

"राहू द्या ना जरा," हे म्हणाले. "इतकी सुंदर पट्टी. डोळे भरून बघू द्या लोकांना."

"तसं चालत नाही," तोलगुरू म्हणाले. "तिचं तेज कमी होतं."

"थोडं झालं तर होऊ द्या. अचल आहे ना?"

लोक हसले. अध्यक्ष साहेब खुर्चीतून पुढे झुकले. पेटीची ती काच हवाबंद नव्हती, आणि माणसांच्या श्वासांनी हॉल चिंब झाला होता. मी मनातल्या मनात म्हटलं, माणसांनो, श्वास घ्या, भरपूर घ्या.

काटा सरकला. आधी कुणाला खरं वाटेना. मग मागून कुणीतरी म्हणालं, "खाली येतंय!" लोक उभे राहिले. जोखीमशून्य पारडं अगदी निवांतपणे, कुणी न बोलावता, खाली खाली येत होतं.

"इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे," तोलगुरू मोठ्यानं म्हणाले. "त्या शंकेचं वजन पडतंय!"

"माझ्या मनात आहे की," मी हात वर केला. "पण मी इथे लांब उभी आहे. शंका एवढी लांबून पडते, तर मग मुठीत धरायला कशाला लावता?"

पारडं कोऱ्या पट्टीच्या बरोबरीला आलं आणि थांबलं. मग मी माझी पत्र्याची डबी काढली. ह्यांनी चिमटा घेतला, अचल निधीची पट्टी बाजूला ठेवली आणि माझी पट्टी पारड्यात सोडली. पारडं झोकात वर गेलं.

"ही तर त्याहून हलकी!" अध्यक्ष म्हणाले. "वहिनी, ही कुठली योजना?"

"वाचा ना."

त्यांनी चष्मा सावरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'चंद्रावर सांडपाण्याची गटारं बांधणे.'"

हॉलमध्ये जो हशा उठला, त्यात तोलगुरूंचं पुढचं वाक्य वाहून गेलं. पाठोपाठ ह्यांनी सगळं समजावून सांगितलं. मुठीतला घाम, बंद पंखे, टीपकागदासारखा कागद आणि पुड्या. अध्यक्षांनी न विचारता चांदीची डबी उचलली आणि तळाची मखमल बाजूला केली. खाली पांढऱ्या पुड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. मग त्यांनी एक पुडी उजेडात धरली. "यावर लिहिलंय, 'खाऊ नये'," ते म्हणाले. "आणि मी याच्याकडे निम्मी पुंजी देऊन बसलोय."

आता मात्र कुणी हसलं नाही. तोलगुरू तराजू तिथेच सोडून दाराकडे निघाले, पण दारात माणसं उभी होती. पोलीस आले, तक्रारी झाल्या. काहींचे पैसे परत मिळाले, काहींचे अजून अडकलेत. अध्यक्षांचे त्यातलेच.

वन्सं मात्र जागेवरून हललीच नाही. मी जवळ गेले तर डोळे भरलेले. मला वाटलं, वाचल्याच्या आनंदानं. पण ती म्हणाली, "वहिनी, झालं ना तुमचं समाधान? आता मी पैसे कुठे ठेवू ते सांगा. जिथे जोखीम नाही अशी जागा सांगा."

मी आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना धडाधड उत्तरं दिली. इथे मला खरं सांगावं लागलं. "अशी जागा नाही, वन्सं. सगळीकडे थोडी थोडी आहे. जिथे कमी आहे तिथे परतावाही कमी. जिथे परतावा जास्त दिसतो तिथे कुठेतरी ती बसलेली असतेच. दिसत नसेल तर आपण अजून नीट शोधलेली नाही, एवढंच."

"मग मी काय करू?"

"कापड बेतताना काय करायचात? एकाच कपड्यात सगळा तागा संपवायचात का?"

ती खुदकन हसली. त्या संध्याकाळी ती, हे आणि मी आमच्या टेबलाशी बसलो. कुठल्या योजनेत किती मिळेल, हा प्रश्न आम्ही सगळ्यांत शेवटी घेतला. आधी विचारलं, कुठले पैसे कधी लागतील. घरभाडं आणि औषधं तर चालूच, गुडघ्याचं ऑपरेशन येत्या वर्षात. ते सगळं तिनं बँकेत आणि पोस्टात ठेवलं. परतावा बेताचा, पण हाताशी. उरले ते पुढची दहा वर्षं लागणार नव्हते. एका फी घेऊन सल्ला देणाऱ्या बाईंना विचारून तिनं ते शेअर बाजाराच्या फंडात घातले. त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "हे वरखाली होणार. एखाद्या वर्षी बरेच खाली जातील." आम्हाला त्या पहिल्याच वाक्याला आवडल्या.

आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. मी वर्तमानपत्र उघडलं आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. तिला सल्ला देणारी मी! मी तशीच वन्संकडे धावले. ती गुडघ्याचे व्यायाम करत होती, नव्या गुडघ्याचे.

"वन्सं, पैसे खाली गेले! तुम्हाला कळलं का?"

"कळलं की," ती पाय वर करत म्हणाली. "जे लागणारच नाहीत ते खाली गेलेत. वर येतील, नाहीतर आणखी जातील. आपण ठरवूनच ठेवलं होतं ना? बसा, चहा करते. आणि वहिनी, मला झोप लागते हो आता."

मी बसले. बाजार पुढे वर आला की नाही, हे मी तुम्हाला मुद्दामच सांगत नाही, कारण तिचा निर्णय बरोबर होता की चूक, हे बाजारानं ठरवायचं नव्हतं. तुमच्या दारातही कोणीतरी येईल. तराजू नसेल, संगणक असेल, आलेख असतील, कुणा मोठ्या माणसाचा फोटो असेल. तो म्हणेल, जोखीम नाही आणि परतावा भरपूर. तेव्हा त्याचं यंत्र तपासत बसू नका, ते बहुतेक बरोबरच असेल. त्याला विचारा, हा जादा पैसा येतो कुठून, आणि बुडाला तर बुडतो कुणाचा? त्यानं नीट उत्तर दिलं नाही, तर पर्स मिटा आणि घरी चला.